रेघ की जाळी

डॉक्टर कुणाच्याही घरी गेले की आधी फरशी वाजवून बघत. खिशातून नाणं काढत, वाकत, आणि उंबऱ्यापासून आत चालत जात एकेका फरशीवर ठोकत. भरीव आवाज आला तर पुढची. पोकळ आला तर तिथेच थांबून घरमालकाला हाक. हिंजवडीजवळच्या माणमध्ये आयटीवाल्यांसाठी घाईघाईने बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांत पोकळ फरशा पुष्कळ. त्यामुळे डॉक्टरांना दुसऱ्यांदा चहाला बोलावणारी घरं थोडी होती.

मी राहत होते त्या खोलीत सोळा फरशा पोकळ निघाल्या. घरमालकीण काकू दारात उभ्या होत्या. त्यांचा मुलगा दत्ता याने त्या खोल्या स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतल्या होत्या. तो म्हणाला, "डाक्टर, तुमी दाताचं का गवंडीकामाचं?"

"फरशीत दोष नाही," डॉक्टर खाली बघतच म्हणाले. "खालच्या कोब्यातही नाही. मधला माल सुटलाय. पण तू काय करशील? फरशी बदलशील."

"मग काय बदलू?"

"आधी बघ तरी, कुठून सुटलंय ते."

हा प्रश्न त्यांनी शहरातल्या एका दंत महाविद्यालयात वर्षानुवर्षं विचारला होता. तिथे ते तोंडातल्या आजारांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघत आणि विद्यार्थ्यांना बघायला लावत. निवृत्त झाल्यावर त्यांनी माणच्या रस्त्यावर, एक मेस आणि एक मोबाइलचं दुकान यांच्या मधला गाळा घेतला. माणच का, याची उत्तरं विचारणाऱ्यागणिक वेगळी मिळत. मला दोन मिळाली: पुण्यात पार्किंग नाही, आणि इथे लोक तोंड उघडायला लाजत नाहीत.

दवाखान्यात खुर्ची एकच होती, पेशंटची. डॉक्टरांसाठी स्टूल होतं, पण त्यावर त्यांची पिशवी असे. ते बसत नसत. पेशंटच्या तोंडात आरसा घालून दोन मिनिटं बघत, मग दारापर्यंत जाऊन येत, परत बघत. चहा मागवत आणि अर्धा सोडून देत. रविवारी स्कूटर काढून लवासापर्यंत जात आणि तिथल्या अर्धवट राहिलेल्या इमारतींच्या भिंती वाजवत फिरत. एकदा मीही सोबत होते. रिकाम्या इमारतीत गिलाव्याचा एक पोपडा नखाने उचलून ते म्हणाले, "बघ, इथे नुसता रंग सुटलाय. तिकडच्या भिंतीला गिलावाच विटेपासून सुटलाय. लांबून दोन्ही सारखंच दिसतं." पहारेकऱ्याने आम्हाला बाहेर काढलं.

तोंडाचंही तसंच, असं ते सांगत. गाल आणि हिरड्या यांना आतून नाजूक अस्तर असतं. काही आजारांत शरीराचेच पहारेकरी या अस्तराच्या सांध्यांना परकं समजून तोडू लागतात. मग फोड येतात, फुटतात, जखमा राहतात. एका आजारात अस्तरातल्या पेशी एकमेकींपासून सुटतात. तो पेम्फिगस. दुसऱ्यात अख्खं अस्तर तळापासून सुटतं. तो पेम्फिगॉइड. नुसत्या नजरेला फसवतील इतक्या सारख्या जखमा दोन्हींत होऊ शकतात. फरक कळायला छोटा तुकडा काढावा लागतो, त्यावर चमकणारं रसायन घालावं लागतं आणि तो अंधाऱ्या खोलीत खास सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. पेम्फिगसमध्ये हिरवी जाळी दिसते, पेम्फिगॉइडमध्ये हिरवी रेघ.

"रेघ की जाळी, एवढं कळलं की अर्धी लढाई झाली," ते म्हणत. हे ते मेसमध्ये, समोरचा माणूस रस्सा ओरपत असताना उभ्या उभ्या सांगत. मेसवाला हात जोडून म्हणे, "डाक्टर, गिऱ्हाईक जेवू द्या की."

त्यांच्यासमोर 'उष्णता' हा शब्द काढायचा नाही, असा अलिखित नियम होता. तोंड आलं की उष्णता झाली, आणि उष्णतेला सब्जा, गुलकंद, दुधात तूप: हे सगळ्या मुळशी तालुक्यात लोक करतात, आणि बऱ्याचदा आठ दिवसांत तोंड बरंही होतं. डॉक्टरांचं भांडण नवव्या दिवसापासून सुरू होई. "आठ दिवस तुमचे," ते म्हणत. "दोन आठवड्यांनी जखम तिथेच असेल तर ती माझी."

नांदे गावच्या एका लग्नात त्यांनी पंगतीत एक माणूस नुसता ताकभात खाताना पाहिला. ते त्याच्यामागे हात धुण्याच्या नळापर्यंत गेले आणि त्याला तोंड उघडायला लावलं. तो मुलीचा मामा निघाला. बराच गोंधळ झाला. आजार काही नव्हता, कवळीची कड टोचत होती. डॉक्टरांनी तिथेच खिशातल्या कानशीने कड घासून दिली आणि जेवण न करता निघून आले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "प्रत्येक वेळी मोठं निघत नाही. म्हणून बघायचं सोडायचं का?"

तोंडाची तक्रार घेऊन कुणीही आलं की तपासून झाल्यावर त्यांचा शेवटचा प्रश्न ठरलेला असे. "डोळे कसे आहेत?" दाढ उपटायला आलेली माणसं गोंधळत. गावात त्यावर विनोदही होता: डाक्टरकडं दात दाखवायला जावं तर ते डोळं मागतंय.

काकूंना त्यांनी हाच प्रश्न विचारला.

काकू तेव्हा साठीच्या जवळ होत्या. सातवी शिकलेल्या. दुपारी ओट्यावर बसून पेपर वाचायच्या, तोही शेवटच्या पानाकडून. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते म्हणूनच त्यांनी एकट्या बाईला खोली दिली होती. पेपरातला 'दुरुस्ती' असा छोटा चौकोन त्यांच्या आवडीचा. "तुमी चुकलं की सवताच छापताय व्हय?" असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. छापतो, असं मी सांगितल्यावर म्हणाल्या, "बरं हाय. माणसांनी बी छापाय पायजे."

त्यांचं तोंड आठ महिने आलेलं होतं. आधी तिखट सुटलं, मग भाकरी. भाकरी दुधात चुरून, मग नुसतं दूध. चार डॉक्टर झाले होते. हिरड्या लाल, सोललेल्या. ब्रश लागला की रक्त. शेवटी मीच त्यांना रस्त्यापलीकडच्या गाळ्यात नेलं.

डॉक्टरांनी कापसाच्या काडीने चांगल्या दिसणाऱ्या हिरडीवर हलकेच घासलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत थांबले. थोड्या वेळाने तिथलं अस्तर ओल्या कागदासारखं सरकलं. ते दारापर्यंत जाऊन आले.

"ताई, डोळे कसे आहेत?"

"डोळं व्हय? खुपत्यात जरा. धूळ किती हाय हितं, बघताय न्हवं?"

त्यांनी काकूंना वर बघायला लावलं आणि डावी खालची पापणी अंगठ्याने ओढली. पापणी आणि डोळ्याचा पांढरा भाग यांच्यामध्ये कातडीचा एक बारीक धागा ताणला गेला होता. मलाही दिसला. डॉक्टरांनी स्टुलावरची पिशवी खाली ठेवली आणि ते बसले. त्यांना बसलेलं मी प्रथमच पाहत होते.

मग त्यांनी सरळ सांगितलं. संशय पेम्फिगॉइडचा. तोंडाच्या जखमा त्रास देतात, पण हाच आजार डोळ्यात शिरला की पापणी आतून चिकटत जाते आणि नजर जाऊ शकते. गेलेली परत आणणं फार अवघड. त्यासाठीची औषधं जड असतात, पुण्यातले तज्ज्ञ ती खात्रीशिवाय सुरू करणार नाहीत. खात्रीसाठी दोन तुकडे लागतील. एक जखमेच्या कडेचा. दुसरा जखमेशेजारच्या चांगल्या जागेचा.

"चांगल्यातला?" काकू खुर्चीत ताठ झाल्या. "दुखतंय तितलं सोडून चांगलं कापायचं?"

"घर जळालं तर साक्ष कुणाची घेता? जळालेल्या घराची की शेजाऱ्याची?"

काकूंना ते पटलं. गावाला पटलं नाही. दोन दिवसांत माणभर झालं की डाक्टर दुखत नाही तिथं कापतात. पुढचे काही दिवस गाळ्यात दाढदुखीवालेही कमी आले.

तुकडे काढले तो मे महिना होता. बाटल्या दोन. एकीत फॉर्मॅलिन, म्हणजे तुकडा टिकवणारं उग्र वासाचं औषध. दुसरीत साधं सलाईन. फॉर्मॅलिनने चांगल्या तुकड्यातली रेघ किंवा जाळी पुसली जाते, म्हणून तो सलाईनमध्ये घालून त्याच दिवशी पोचवायचा असतो. हे मला आता माहीत आहे. त्या सकाळी खुर्चीत एक माणूस दाढ धरून कळवळत होता. जो मनुष्य मेसमधल्या गिऱ्हाइकाला रेघ आणि जाळी समजावत असे, तो आम्हाला एवढंच म्हणाला, "दोन बाटल्या, दोन वेगळ्या टेबलांवर द्यायच्या. दुपारच्या आत."

पुण्यातल्या प्रयोगशाळेकडे जाताना दत्ताची गाडी हिंजवडीच्या कोंडीत अडकली. एसी बंद होता. बाटल्या माझ्या मांडीवर होत्या.

"ताई, ह्या बाटलीत काय हाय?"

"सलाईन."

"म्हंजी मिठाचं पाणीच की." त्याने ती उजेडात धरून पाहिली. "मटान पाण्यात टिकतं का कुटं? आन् ह्या उन्हात? आईच्या तोंडाचा तुकडा हाय त्यो. नासला तर परत कापत्याल." त्याने दुसरी बाटली उचलून वास घेतला. "ह्यात औषध हाय. लई हाय. निम्मं तिकडं घालू."

मला ते पटलं. त्याने सलाईन बेताने खिडकीतून रस्त्यावर ओतलं, तुकडा बाटलीतच राहू दिला आणि निम्मं फॉर्मॅलिन त्यात घातलं. दोघांच्याही डोळ्यांना झोंबलं. गाडी पुढे सरकली. दोन्ही बाटल्या आम्ही दोन वेगळ्या टेबलांवर दिल्या, दुपारच्या आत.

दहा दिवसांनी रिपोर्ट दत्ताच्या फोनवर आले. जखमेच्या तुकड्यात सूज, निश्चित निदान नाही. चांगल्या तुकड्यात काहीही चमकलं नाही: निगेटिव्ह. या एका शब्दाचा अर्थ माणमध्ये सगळ्यांना कळतो. दत्ताने पेढे आणले, माझ्या खोलीतही दिले. काकूंनी त्यांचा पेढा दुधात विरघळवून प्यायला आणि पुन्हा सब्जा भिजवला. डॉक्टरांना कुणी काही कळवलं नाही. मला वाटलं दत्ताने कळवलं असेल.

पुढे दोन आठवड्यांनी डॉक्टरांनीच दत्ताला फोन केला. "सगळं निल हाय," दत्ताने सांगितलं. अर्ध्या तासात स्कूटर दारात होती. डॉक्टर आत आले आणि त्यांनी नाणं काढलं नाही. दत्ताच्या हातातला फोन घेऊन ते वाचू लागले.

"रेघ नाही, जाळी नाही. काहीच नाही?"

"मग चांगलंच की," दत्ता म्हणाला.

"तोंडात जखम आहे. डोळ्यात धागा आहे. आणि कागद म्हणतो काही नाही. अरे, साक्षीदाराला कुणीतरी गप्प केलंय."

ते अंगणात जाऊन प्रयोगशाळेला फोन करू लागले. बोलताना तुळशीपासून गोठ्यापर्यंत आणि परत, अशा फेऱ्या. फोन संपल्यावर आमच्यासमोर येऊन थांबले. "दोन्ही बाटल्यांना एकच वास होता, म्हणतात."

दत्ता चपलांकडे बघत होता. मी सांगितलं. सांगायला चार वाक्यं लागली. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकलं, दोघांच्या तोंडाकडे एकेकदा पाहिलं आणि आत गेले. काकू कॉटवर बसल्या होत्या. डावा डोळा लाल होता आणि त्या तो मिटूनच घेत होत्या.

"ताई, तुकडा पुन्हा घ्यावा लागेल."

"न्हाई." काकूंनी पदर तोंडाला लावला. "एकदा चांगल्यातलं कापून दिलं. आता आणिक? म्या काय कापड हाय व्हय, कुटूनबी फाडाय? निगेटिव आलंय. बास."

"तो निगेटिव्ह खोटा आहे. पहिला तुकडा वाया गेला." डॉक्टर थांबले. "चूक माझी."

"काय म्हनला?"

"माझी चूक झाली. पाठवताना. सांगायचं ते मी सांगितलं नाही."

दाराशी आम्ही दोघं होतो. दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही.

काकू बराच वेळ डॉक्टरांकडे बघत राहिल्या, उजव्या डोळ्याने. मग म्हणाल्या, "चार डाक्टर झालं. एकानं दोन दाढा उपटल्या. एकानं दूध बंद केलं, दुसऱ्यानं दूधच पाजलं. चौथा म्हनला, काकू, तुमी काळजी लई करताय. पर माझं चुकलं, आसं एकानं बी म्हनलं न्हाई." त्यांनी पदर खाली घेतला. "ज्यो चुकलो म्हनतोय त्यो कायतरी बघून म्हनत आसंल. कापा. पर ह्या बारीला तुमीच घिऊन जावा. पोरांच्या हातात देऊ नगा."

डॉक्टर "बरं" म्हणाले.

दुसरा तुकडा काढला त्या दिवशी त्यांनी बाटली शर्टाच्या खिशात घातली, खिशाला सेफ्टी पिन लावली आणि गाळा बंद करून स्कूटर काढली. मी मागे बसले. तासाभराचा रस्ता. दर सिग्नलला ते खिसा चाचपत. प्रयोगशाळेत टेबलावरच्या मुलीने बाटली हातात घेताच त्यांनी तिला सुरुवातीपासून सगळं समजावलं. तिला ते आधीच येत होतं. मागे रांग वाढली. कुणीतरी म्हणालं, "आजोबा, आटपा." ते आटपले नाहीत. तिने बाटलीवर त्यांच्यासमोर खूण केली, ती आत गेली आणि दार मिटलं, तेव्हा ते हलले.

सहा दिवसांनी मी डेस्कवर असताना त्यांचा फोन आला. "रेघ," एवढंच म्हणाले आणि ठेवला.

नंतरचं पुण्यातल्या त्वचारोग आणि नेत्ररोग तज्ज्ञांनी केलं. तोंड तीन-चार महिन्यांत भरत आलं. दिवाळीत काकूंनी भाकरी खाल्ली, कालवणात बुडवून. उजवा डोळा वाचला. डाव्याला पापणी खालून चिकटली होती, तिथून आता प्रकाश आणि हालचाल तेवढी दिसते. पहिल्या तुकड्यापासून दुसऱ्यापर्यंत सव्वीस दिवस गेले होते. त्यांतले किती दिवस डाव्या डोळ्याला नडले हे सांगता येणार नाही, असं नेत्रतज्ज्ञ म्हणाले. मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं.

डॉक्टरांनाही एकदा विचारलं, त्या दिवशी खोटं का बोललात म्हणून.

"खोटं कुठे?" ते दाराकडे चालत म्हणाले. "काय करायचं ते मी सांगितलं. का, ते सांगितलं नाही. पोराला आईची काळजी होती, माहिती नव्हती. ती द्यायचं काम कुणाचं?"

"आणि माझं?"

ते दारातून परत आले. "तू बातमी लिहितेस ना? मग तू का नाही विचारलंस?" पुन्हा दाराकडे गेले. चहा टेबलावर निवत होता.

त्यानंतर त्यांच्या प्रत्येक सलाईनच्या बाटलीला कागदाची पट्टी गुंडाळलेली असे. अक्षर मोठं. 'हे साधं मिठाचं पाणी आहे. असंच हवं. काळजीपोटी यात काहीही घालू नये.'

तीन वर्षांनी त्यांनी गाळा सोडला आणि ते मुलीकडे राहायला गेले. गेल्या वर्षी तिकडेच वारले. गाळ्यात आता झेरॉक्सचं दुकान आहे. काकू अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांची गोष्ट सांगतात. "लई डाक्टर बघितलं. पर बाटली बिघडवली ती म्याच, आसं कबूल करणारा यकच. माझ्या डोळ्याम्होरं म्हनला." दत्ता तेव्हा तिथे असला तर उठून जातो.

हे लिहिण्याआधी मी दत्ताला भेटले. तो नव्या खोल्यांत होता. गवंड्याने बसवलेल्या फरशा एकेक करून नाण्याने वाजवत होता. मी सांगितलं, लिहितेय. त्याने दोन फरशा आणखी वाजवल्या.

"लिवा," तो म्हणाला. "मला सात वरसं सांगता आलं न्हाई. आई वाचती तुमचा पेपर."

काकू पेपर अजूनही शेवटच्या पानाकडूनच वाचतात. कागद उजवीकडे धरून. त्यांच्यासाठी ही दुरुस्ती: पहिली बाटली डॉक्टरांनी बिघडवली नव्हती. औषध दत्ताने ओतलं. झाकणं माझ्या हातात होती.